डिस्क वाकडी नव्हती

ब्रेक दाबला की गाडी थरथरते, असं माझे सासरे म्हणायचे. गाडी ठणठणीत आहे, थरथरतात ते बाबाच, असं त्यांची मुलगी, म्हणजे माझी बायको, म्हणायची. दोघांपैकी कुणीही मला विचारलं नव्हतं, त्यामुळे माझं मत अजून कोरं करकरीत होतं.

हिच्या बाजूने पुरावे होते. एक म्हणजे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. शिवाय हल्ली चहाचा कप बशीत ठेवताना वाजायचा. आणि हिने स्वतः गाडी बाजारातून फिरवून आणली होती, तेव्हा ती जराही थरथरली नव्हती. बाजारात ताशी पंधराच्या वर कुणाला जाता येत नाही, त्या वेगात विमानही थरथरलं नसतं. पण हे तिला बोलून दाखवायची उमेद माझ्यात लग्नाच्या पहिल्या वर्षी होती. आता बाविसावं चालू आहे.

त्यातून पाच महिन्यांपूर्वी एका गॅरेजने ‘डिस्क वाकड्या झाल्यात’ म्हणून पुढच्या दोन्ही डिस्क बदलून दिल्या होत्या. डिस्क म्हणजे चाकामागे फिरणारी ती लोखंडी थाळी. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. नव्या थाळ्या बसल्यावर महिनाभर सगळं सुरळीत चाललं, आणि मग बाबा पुन्हा म्हणायला लागले, थरथरते.

बाबांच्या बाजूने फक्त एक वही होती. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, आणि त्या काळात गावातल्या एकाही दुकानदाराने त्यांच्याकडे बघून मनापासून स्मित केलं नाही. त्या सवयीने त्यांनी थरथरीची नोंद ठेवली होती. तारीख, वेग, ठिकाण, थरथर सौम्य की जोरात, आणि शेवटचा रकाना, थांबण्याचं कारण.

शेवटी हिने निकाल दिला. “शनिवारी गाडी गॅरेजला न्या. दोष गाडीत निघाला तर दुरुस्त करू. बाबांच्यात निघाला तर किल्ली माझ्याकडे.”

“आणि गुरुवारचं काय?” बाबांनी विचारलं.

“टॅक्सी करा.”

 दर गुरुवारी बाबा आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, टेकडीवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेत. आई एका छापखान्यात प्रूफं तपासायच्या. इतरांना शंभर वेळा वाचून न दिसलेली चूक त्यांना पान उलटतानाच दिसायची. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या नजरेत मधोमध धूसर डाग पडला होता, दिसायचं ते फक्त कडेचं. किती दिसतं असं विचारलं की त्या म्हणत, “मला नीट दिसतं. हल्ली छपाईच फिकट करतात.” गाडीत मात्र त्यांची जागा ठरलेली होती, पुढे, डाव्या बाजूला. गाडी मी चालवतो, रस्ता ही बघते, अशी बाबांनी लग्नानंतर केलेली कामाची वाटणी चव्वेचाळीस वर्षं टिकली होती. टॅक्सीत आईंना मागे बसावं लागलं असतं, आणि मागे बसून रस्ता बघता येत नाही. बाबांना खरी धास्ती त्याची होती. ही गोष्ट हिच्या लक्षात आली नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

मला निरीक्षक म्हणून सोबत पाठवण्यात आलं. जावयाला हे पद नीट जमतं. त्याला सगळं बघू देतात, हात कशालाच लावू देत नाहीत.

गॅरेज एक पन्नाशीच्या बाई चालवत होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. आधी त्या लोखंड कातायच्या लेथवर काम करायच्या, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय त्या तिच्याबद्दल बोलत नसत. ही सवय इतर माणसांनाही लावायला हवी होती, असं मला दहा मिनिटांत वाटलं. त्यांनी आईंना पंख्याखालची खुर्ची दिली आणि बाबांना विचारलं, “काका, थरथर हातात येते का पायात?”

बाबांचा चेहरा उजळला. गेले चार महिने सगळे त्यांना त्यांच्याबद्दल विचारत होते. गाडीबद्दल विचारणारं आज पहिल्यांदा भेटलं होतं.

“आधी स्टिअरिंगमध्ये. मग पेडल पायाखाली वर-खाली होतं.”

“किती वेगाला?”

“साठच्या पुढे. चाळीसच्या खाली काही नाही.” त्यांनी वही पुढे केली. “एकशेबारा नोंदी आहेत.”

ताईंनी वही घेतली, पण उघडली नाही. मला शेजारी बसवून त्यांनी गाडी मोठ्या रस्त्यावर काढली, ऐंशीला नेली आणि ब्रेक दाबला. स्टिअरिंग त्यांच्या हातात असं थडथडलं की माझा चष्मा नाकावरून उतरला. मी ताबडतोब हिला कळवलं, ‘थरथरते. गाडीच.’ उत्तर आलं, ‘पाच महिन्यांत दुसऱ्यांदा? का?’

हिच्याशी वाद घालताना नेहमी असं होतं. आपण जिंकतो, आणि मग कळतं की तो पहिलाच प्रश्न होता.

परत आल्यावर ताईंनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक काढलं आणि काट्याचं एक छोटं घड्याळ डिस्कला टेकवून ती हाताने हळूहळू फिरवली. काटा जेमतेम हलला.

“डिस्क वाकडी नाही,” ताई म्हणाल्या. “मागच्या वेळीही नसणार. थरथरली की वाकडी म्हणायची पद्धत आहे आपली.”

मग त्यांनी मायक्रोमीटर काढला आणि डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. बाबा शेजारी उकिडवे बसून आकडे टिपून घेत होते. सात ठिकाणी आकडा सारखा आला. आठव्या ठिकाणी तीन शतांश मिलिमीटर जास्त.

“तीन शतांश म्हणजे किती?” मी विचारलं.

“केसाच्या निम्म्याहून कमी,” बाबा म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की जणू एखाद्या नामांकित दुकानाचं वजन कमी भरलं होतं.

“हे बघा.” ताईंनी बॅटरी धरली. चकचकीत लोखंडावर एक निळसर-करडा डाग होता, बरोबर पॅडच्या आकाराचा. “शिक्का बसलाय. डिस्क तापलेली असताना गाडी पूर्ण थांबवली आणि पाय तसाच दाबून ठेवला, की पॅडचा थर तिथेच चिकटतो. एकदा झालं तर काही नाही. पण हे पुन्हा पुन्हा झालंय.” त्यांनी बाबांकडे बघितलं. “काका, उतारावर इतकं कचकन कुठे थांबावं लागतं तुम्हाला?”

आयुष्यात ज्यांनी एक ग्रॅम सोडला नाही, ते बाबा म्हणाले, “आठवत नाही.”

“असं कसं आठवत नाही?” खुर्चीवरून आई म्हणाल्या. “मी सांगते ना. दवाखान्यातून उतरताना. माणसं कशी मध्ये येतात हो ताई त्या रस्त्यावर! माझं लक्ष असतं म्हणून. परवाच एक म्हातारी थेट बोनेटसमोर. मी ओरडले म्हणून वाचली.”

“रस्त्याकडे हीच बघते,” बाबा डिस्कला उद्देशून म्हणाले.

ताईंनी आता वही उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून शेवटचा रकाना वाचला. कुत्रा. म्हातारी. कुत्रा. सायकलवाला. कुत्रा. कुत्रा. गाय. कुत्रा. एका पानावर अकरा कुत्री होती, सगळी गुरुवारची, सगळी उतारावरची.

ताईंनी वही मिटली. “काका, चाक लावते. तुम्ही नेहमीसारखी चालवून दाखवा. काकूही पुढे बसू देत, नेहमीसारख्या.”

आम्ही टेकडीवर गेलो आणि वळलो. बाबा स्टिअरिंगवर, आई शेजारी, मी आणि ताई मागे. उतार सुरू झाला. रस्ता दुपारचा, रिकामा. कडेला दिव्यांचे खांब, आणि त्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या.

“अहोऽऽ!” आई ओरडल्या.

बाबांनी ब्रेक दाबला. आम्ही दोघं मागून पुढे आलो. गाडी थांबली. समोर खांबाची सावली होती. बाकी काहीही नव्हतं. बाबांचा पाय पेडलवर गच्च दाबलेला होता.

“गेला का?” आईंनी छातीवर हात ठेवून विचारलं.

बाबांनी रिकाम्या रस्त्यावर नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे, एखाद्याला जाऊ द्यावं तशी, सावकाश.

“गेला,” ते म्हणाले. “दाढीवाला होता.”

“बघितलंस? म्हणजे, बघितलंत ना ताई?” आईंनी मागे मान वळवली. डोळे ताईंच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते. “माणसं फोनमध्ये डोकं घालून चालतात.”

 मी खिडकीबाहेर बघितलं, कारण आत बघवत नव्हतं. एकशेबारा नोंदी. दर वेळी ते थांबले होते. ब्रेक दाबला नसता तर आईंनी विचारलं असतं, का नाही थांबलात? आणि मग बाबांना सांगावं लागलं असतं की तिथे कुणीच नव्हतं. पुढच्या गुरुवारपासून आई रस्ता बघायच्या थांबल्या असत्या. नंतर पुढे बसायच्या. नंतर बहुतेक घराबाहेर पडायच्याही.

गाडी पुन्हा साठला आली.

“अहो,” आई म्हणाल्या.

कचकन ब्रेक. आम्ही पुन्हा पुढे.

“काय झालं?” बाबांनी घाबरून विचारलं.

“तुम्हाला नाही, जावईबापूंना. अहो, तुम्हाला मागे ऊन लागतंय का?”

लागत नाही, असं मी समोरच्या सीटच्या पाठीला सांगितलं, कारण माझं तोंड तिथे होतं. चव्वेचाळीस वर्षांत आईंनी बाबांना हजारो वेळा अहो म्हटलं असेल. भाजीला, वर्तमानपत्राला, चप्पल कुठे ठेवली म्हणून. आता बाबांच्या पायाला त्यातला फरक कळेनासा झाला होता. तो प्रत्येक अहोला उभा राहत होता.

गॅरेजमध्ये परतलो आणि हिचा फोन आला.

“स्पीकरवर टाका हो,” आई म्हणाल्या. “आम्हालाही ऐकू दे.”

मी टाकला. हिने प्रस्तावना न करता विचारलं, “काय निघालं? गाडी की बाबा?”

 पंखा फिरत होता. खरं उत्तर त्याच पंख्याखाली खुर्चीवर बसून उत्सुकतेने ऐकत होतं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून किल्ली काढून तळहातावर ठेवली होती, वजन करत असल्यासारखी.

“माझाच पाय,” ते म्हणाले. “जड झालाय. उगाचच दाबला जातो. तू म्हणतेस ते बरोबर होतं बाळा. किल्ली घे.”

“अहो, काहीतरीच काय?” आई उठून उभ्या राहिल्या. “उगाचच कसा? मी सांगते तेव्हाच दाबता ना?”

“तेव्हाही दाबतो. आणि उगाचही दाबतो.”

बाबांच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली खोटी साक्ष, आणि ती स्वतःच्या विरुद्ध होती.  खटला इतक्या सहज जिंकता येईल, असं पलीकडे हिनेही धरलं नव्हतं.

“मी बोलू का?” ताईंनी फोनजवळ येऊन विचारलं. “मी गाडी बघितली. काकांचा पायही बघितला. ब्रेक लागायला उशीर होत नाही, पाय चुकत नाही, पेडल शोधावं लागत नाही. माझ्या पायापेक्षा चपळ आहे. चूक एवढीच, की थांबल्यावर सोडत नाहीत. ते शिकवता येतं.”

“पण थांबतात कशाला इतके?” ही मुद्दा सोडणाऱ्यातली नव्हती. “त्या रस्त्याने मीही जाते. मला तर कुणी आडवं येत नाही.” मग तिने ते विचारलं ज्यासाठी मला पाठवलं होतं. “तू होतास ना गाडीत? खरंच कुणी होतं समोर?”

आई माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या डाव्या कानाकडे. बाबा बघत नव्हते.

“होता,” मी म्हणालो. “दाढीवाला.”

“दाढीवाला?”

“पांढरी. फोनमध्ये डोकं होतं.”

ताईंनी पाना उचलून तो उगाचच फडक्याने पुसायला घेतला. बाबांची मूठ किल्लीवर मिटली.

“बरं,” ही म्हणाली. “दुरुस्त करून घ्या. मग बघू.” आमच्या घरात ‘मग बघू’ला मंजुरी समजतात.

त्या संध्याकाळी मी तिला सगळं खरं सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. तिने नळ बंद केला, ओले हात तसेच धरून उभी राहिली आणि म्हणाली, “रविवारी मी दारात उभी होते, तर आई मला म्हणाली, कोण हवंय आपल्याला? आणि मग हसली, म्हणे गंमत केली.” ती किल्लीबद्दल पुन्हा बोलली नाही. म्हणाली, “गुरुवारी तू मागे बसत जा.” पण ते संध्याकाळचं.

दुपारी ताईंनी दोन्ही डिस्क काढून लेथवर चढवल्या. लेथच्या आवाजात पंख्याखाली बसलेल्या माणसाला काही ऐकू जात नाही, हे त्यांना माहीत होतं. लोखंडाची बारीक पूड पडत होती, डाग फिकट होत होता, आणि ताई बाबांशी त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या.

“काका, एक दिवस मागून कुणीतरी धडकेल. असं चालणार नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

“न थांबून कसं चालेल?” बाबा म्हणाले. “तिला काय सांगू?”

ताईंनी लेथचं पातं जरा पुढे सरकवलं. “काकूंना गाडी थांबायला नकोय. तुम्ही ऐकलंत, एवढं कळायला हवंय. हाक आली की आधी आरसा बघा. मागे मोकळं असेल तर हलकेच दाबा, वेग थोडा उतरवा. त्यांना अंगाला कळेल तेवढाच. मग तो दाढीवाला जाऊ दे, आणि पुढे चला. डिस्कही तापत नाही, शिक्काही बसत नाही.”

बाबांनी जमिनीवरच पाय एकदा हलकेच दाबून बघितला.

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि तिला कळलं तर?”

“ते मला मोजता येत नाही,” ताई म्हणाल्या.

नवे पॅड बसले. पण नवे पॅड आणि घासलेली डिस्क एकमेकांना अजून ओळखत नाहीत, ताईंनी आईंना समजावलं. ती ओळख करून द्यावी लागते. गाडी साठला न्यायची, ब्रेक दाबत दहापर्यंत आणायची, पण थांबवायची नाही, आणि पुन्हा साठला. असं दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेकला शक्यतो पायच लावायचा नाही, डिस्क वाऱ्यावर निवू द्यायची.

“काकू, कधी दाबायचं ते तुम्ही सांगा. काकांना मोजत बसायला नको.”

“मीच सांगते,” आई म्हणाल्या. “नाहीतरी मीच सांगते.”

शहराबाहेरचा सरळ रस्ता होता. मी मागे बसलो. बाबांनी साठ गाठले. आईंनी समोर रोखून बघितलं, कसं कोण जाणे, पण योग्य क्षण निवडल्यासारखं म्हणाल्या, “अहो.” बाबांनी आरशात बघितलं. पाय हलकेच उतरला. पन्नास, तीस, दहा. स्टिअरिंग स्थिर होतं. गाडी थांबली नाही, पुन्हा वेग घेऊ लागली.

“एक,” आई म्हणाल्या आणि एक बोट मिटलं.

पाचव्यापर्यंत बाबांच्या पायाला नवी रीत समजली होती. सातव्याला आई म्हणाल्या, “अहो, तिकडे कुणीतरी आहे,” तेव्हाही त्यांनी आधी आरसा पाहिला. शेतात एक बुजगावणं होतं. गाडी मंद झाली, ते मागे पडलं. “गेला,” बाबा म्हणाले. आईंनी समाधानाने सातवं बोट मिटलं. दहाव्याला दोन्ही मुठी मिटल्या.

“झालं. आता दहा मिनिटं ब्रेक नाही,” बाबा म्हणाले. “म्हणजे तू आता अहो म्हणायचं नाहीस. माझा पाय ऐकणार नाही.”

“दहा मिनिटं?”

“दहा मिनिटं.”

आईंनी तोंडावर हात ठेवला. एक मिनिट गेलं, दोन गेली. खिडकीतून वारा येत होता. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी हात काढला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. मग माझ्याकडे अर्धी मान वळवून म्हणाल्या, “यांना हाक कशी मारायची मग?”

“हाक कशाला हवीय? बोला ना सरळ,” मी म्हणालो.

“हाक मारल्याशिवाय बोलता येत नाही मला.”

 पुढे एक लांब, रुंद वळण आलं, उजव्या बाजूला उतरतं ऊन. आईंनी पदर सावरला, समोर बघितलं, आणि बाबांना त्यांच्या नावाने हाक मारली.

नुसतं नाव. त्याला ‘राव’ नाही, ‘जी’ नाही. बाविसाव्या वर्षात मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. बाबांकडे बघून वाटलं, तेही.

त्यांचा पाय ब्रेककडे गेला नाही. कान मात्र मागून मला दिसत होते, ते हळूहळू लाल झाले. गाडी चाळीसच्या वेगाने अगदी सरळ चालली होती.

“काय?” त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं.

“ऊन छान पडलंय,” आई म्हणाल्या. “एवढंच सांगायचं होतं.”